रस्त्याकडेची दरड: भिंतीआधी पाण्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ टेकडीच्या उतारावर तुमची वसाहत आहे. चार वर्षांपूर्वी खालचा रस्ता रुंद करताना पोकलेनने उतार उभा कापला. आता तुमच्या घराखाली सुमारे ६ मीटर उंच आणि १८ मीटर लांब दरड आहे, जवळजवळ उभी. दर पावसाळ्यात एक-दोन डंपर माती रस्त्यावर येते. जांभ्याच्या चिऱ्यांचं कंपाउंड कडेपासून दीड मीटरवर आहे, घर सात मीटरवर. यंदा जुलैत कंपाउंडच्या आत वीतभर अंतरावर, कडेला समांतर अशी भेग दिसली. एक ठेकेदार दीड फूट जाडीची चिऱ्याची भिंत बांधा म्हणतो, नर्सरीवाला बांबू लावा म्हणतो, शेजारी म्हणतात सरळ सिमेंटचा गिलावा मारून टाका. यातलं काय करायचं?

या तिघांपैकी एकानेही पाणी कुठून येतं हे विचारलेलं दिसत नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. तीसेक वर्षं मी कोकणातल्या दरडी बघतोय. घाटातल्या बघितल्या आणि लोकांच्या परसातल्याही. नुसत्या मातीमुळे पडलेली दरड मला क्वचितच भेटली. जवळजवळ प्रत्येकीच्या मागे पाणी होतं, आणि बहुतेक वेळा ते माणसांनीच तिथे आणून सोडलेलं होतं.

पण आधी त्या भेगेचं. आत्ता ऑगस्ट आहे, पाऊस अजून महिना-दीड महिना राहील. कडेला समांतर भेग म्हणजे पुढचा तुकडा मागच्या जमिनीपासून सुटायला लागला. ही भेग शोभेची नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका आणि रोज सकाळी दोन्हींमधलं अंतर मोजून वहीत लिहा. दोरी-पट्टी पुरते, यंत्र लागत नाही. भेगेत चिकणमाती ठासून भरा, वरून ताडपत्री टाका आणि ती कडेच्या पलीकडे लोंबू द्या, म्हणजे पाणी भेगेत न शिरता खाली जाईल. आठवड्यात बोटभर जरी अंतर वाढलं, किंवा भेगेच्या रस्त्याकडच्या बाजूची जमीन खचून पायरी झाली, तर कडेकडच्या खोल्यांत झोपणं बंद करा. भेग घराच्या दिशेने सरकली, दारं अडकायला लागली, विजेचा खांब कलला, किंवा पायथ्यातून एरवी स्वच्छ येणारं पाणी अचानक गढूळ यायला लागलं, तर तपासत बसू नका. घर सोडा, खालचा रस्ता अडवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा. तहसीलदार कार्यालयालाही लेखी कळवून ठेवा, पुढे कामाला येतं.

आणखी एक. रस्त्यावर आलेली माती उचलायची लोकांना फार घाई असते. वाहतूक अडत नसेल तर पावसाळा संपेपर्यंत ती पायथ्याशी राहू द्या. पडलेला ढीग उरलेल्या दरडीला टेकू देत असतो. भर जुलैत जेसीबी लावून पायथा लख्ख साफ केला आणि चार तासांत वरचा दुसरा तुकडा आला, हे मी एकदा नाही, तीन-चारदा बघितलंय.

आता ही दरड उन्हाळ्यात बिनधास्त उभी का राहते आणि जुलैतच का येते ते बघू. दिवाळीत किल्ला केला असेल तर हे तुम्हाला कळतंच. ओलसर मातीची भिंत उभी कापली तरी टिकते, कारण कणांमधला थोडासा ओलावा त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. त्याच भिंतीवर तांब्याभर पाणी ओता, ती बसते. कणांमधली सगळी जागा पाण्याने भरली की ओढ संपते, वजन वाढतं, आणि आतलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलायला लागतं. तुमची दरड म्हणजे ६ मीटरचा दिवाळीचा किल्ला आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो.

त्यात कोकणातल्या जमिनीची रचना अशी की वर जांभा, त्याखाली तांबडा मुरूम, त्याखाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी मऊ चिकणमाती आणि तळाला काळा दगड. जांभा भोकाभोकांचा, त्यामुळे सड्यावरचं, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरचं, पाणी त्यातून भराभर खाली उतरतं आणि चिकणमातीवर येऊन अडतं. तिथून ते आडवं चालू लागतं. पूर्वी हे पाणी उताराच्या पायथ्याला, शेताच्या कडेला उपळ म्हणून बाहेर पडायचं. रस्त्यासाठी डोंगर कापला की त्या वाटेचंच तोंड उघडं पडतं. तुमच्या दरडीकडे सप्टेंबरात रस्त्यावरून नीट बघा. जिथे शेवाळ आणि हिरवा पट्टा आडवा दिसतो, तिथे आतलं पाणी बाहेर येतंय. बहुधा त्याच पट्ट्याच्या वरचा भाग दरवर्षी पडत असेल.

माळीणची दुर्घटना ३० जुलै २०१४ची, तळियेची २२ जुलै २०२१ची, इरशाळवाडीची १९ जुलै २०२३ची. २००५ साली महाड तालुक्यात दरडी कोसळल्या त्याही २५-२६ जुलैला. या सगळ्या मोठ्या नैसर्गिक उतारांच्या घटना आहेत, तुमच्या कापलेल्या दरडीशी त्यांची तुलना करून तुम्हाला घाबरवायचं नाही. पण तारखांकडे बघा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनचा पाऊस जमीन पिऊन टाकते. जुलैच्या मध्यापर्यंत ती पोटभर प्यालेली असते, आणि मग एखाद्या दिवशी दोनशे-तीनशे मिलिमीटर कोसळला की त्याला जायला जागाच नसते. म्हणून मी लोकांना सांगतो, जूनमध्ये दरड टिकली म्हणून निश्चिंत होऊ नका.

आता तुमच्या घरचं पाणी. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमचं छप्पर १२० चौरस मीटरचं धरलं आणि दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका दिवसात २४,००० लिटर पाणी होतं, म्हणजे अडीच टँकर. हे पाणी आज कुठे जातं? मी बघितलेल्या दहातल्या आठ घरांत ते पागोळ्यांतून अंगणात, अंगणातून उताराने कडेकडे, आणि कंपाउंडच्या खालच्या भोकांतून थेट दरडीच्या डोक्यावर जातं. म्हणजे आपणच रोज अडीच टँकर दरडीत रिकामे करतो आणि दोष नशिबाला देतो.

पाऊस जोरात असेल तेव्हा छत्री घेऊन अर्धा तास घराभोवती फिरा. तुमच्याच नव्हे, वरच्या दोन घरांभोवतीही. कागदावर घरांचा आराखडा काढून पाणी कुठून कुठे वाहतं त्याचे बाण काढा. कुठे साठतं, कुठे मुरतं, वरच्या रस्त्याचं गटार कुठे फुटलंय, सगळं टिपा. या अर्ध्या तासाच्या कागदाइतकी उपयोगी माहिती मला कुठल्याही यंत्राच्या चाचणीने दिलेली नाही. शिवाय सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे आहे ते बघा. शोषखड्डे चांगलेच, पाणी जिरवा हेही बरोबर, पण दरडीच्या कडेपासून चार मीटरवर शोषखड्डा म्हणजे दरडीच्या पाठीला बारमाही सलाइन लावण्यासारखं आहे. तो घराच्या वरच्या अंगाला न्यावा लागेल. कडेजवळच्या नारळ-पोफळींची आळी, ओव्हरफ्लो होणारी टाकी, धुण्याच्या दगडाचं पाणी, हे सगळं यात धरा. उन्हाळ्यातही जर दरडीच्या तोंडावर ओला डाग असेल, तर तो बहुधा पावसाचा नाही, तुमच्या किंवा वरच्या घराच्या वापराच्या पाण्याचा आहे.

भिंतीकडे येतो. ठेकेदाराचा दीड फूट जाडीचा चिरा ६ मीटर उंचीला म्हणजे दरडीला घातलेला सदरा आहे. सदऱ्याने पोट आत जात नाही. स्वतःच्या वजनावर माती अडवणाऱ्या भिंतीची पायथ्याची जाडी उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत लागते. ६ मीटरला ती ३ ते ४ मीटर झाली. दीड फुटात ती भिंत माती अडवणार नाही, उलट मातीबरोबर चिऱ्यांचं वजन रस्त्यावर आणेल.

आता माझीच एक चूक सांगतो. नव्वदच्या दशकात चिपळूण तालुक्यात एका वाडीच्या रस्त्याला साडेतीन मीटरची भिंत माझ्या देखरेखीखाली बांधली. जाडी बरोबर होती, पाया बरोबर होता, पाण्यासाठी भिंतीत नळ्याही ठेवल्या होत्या. मागे खडीचा थर भरायचा होता. खडीचे ट्रक दोन दिवस आले नाहीत, पाऊस तोंडावर, मी दुसऱ्या कामावर, आणि माणसांनी खणून काढलेली लाल मातीच मागे ढकलून काम उरकलं. मी परत आलो तेव्हा वर फरसबंदी झाली होती. विचारलं नाही. पहिल्या पावसात नळ्यांतून थोडं लाल पाणी आलं, मग तेही बंद झालं. मला वाटलं, छान, कोरडी आहे. जुलैत भिंतीला पोट आलं, चौथ्या रात्री ती रस्त्यावर आडवी झाली. माणूस कोणी नव्हता, एक सायकल गेली. नळ्या मातीने बुजल्या होत्या आणि मागे पाण्याची उभी टाकी तयार झाली होती.

त्यानंतर हे गणित मी प्रत्येकाला कागदावर करून दाखवतो. ३ मीटर उंच भिंत घ्या, मागे साधारण मुरमाड माती. माती कोरडी असताना भिंतीच्या दर मीटर लांबीवर ढकलणारा जोर येतो सुमारे पावणेतीन टन. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली तर मातीचा आणि पाण्याचा मिळून जोर होतो सहा टनांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. मोठी भिंत बांधून हा जोर पेलता येतो, किंवा पाण्याला बाहेर पडायला वाट देऊन तो जोर येऊच न देणं जमतं. दुसरा मार्ग फारच स्वस्त पडतो.

आपल्या आजोबांना हे गणित माहीत नव्हतं, पण त्यांचे गडगे बघा. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, चुना नाही, सिमेंट नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या उभे. कारण फटीफटींतून पाणी निघून जातं, मागे साठतच नाही. एखादा दगड निखळला तर गडगा थोडा बसतो आणि पुन्हा उभा राहतो. हल्ली ज्याला गॅबियन म्हणतात तो म्हणजे तारेच्या पेटीत भरलेला गडगाच आहे. तुमच्या पायथ्यासाठी मी हेच सुचवेन.

गिलाव्याबद्दल चारच वाक्यं. मातीच्या दरडीवर सिमेंट थापलं की बाहेरचं पाणी आत जायचं थोडं कमी होतं, पण वरून आणि मागून येणारं आत कोंडतं. वर्षभर सुंदर दिसतं, दुसऱ्या वर्षी पापुद्रा सुटून अख्खा तुकडा येतो. मोठ्या रस्त्यांवर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारतात तेव्हा त्याच्या मागे सळ्यांचे खिळे, जाळी आणि पाणी काढायच्या नळ्या असतात. त्या नसताना नुसतं सिमेंट मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

आता तुमच्या मोजमापांवर मी काय करेन. तुमची दरड उभ्यापासून थोडी कललेली, म्हणजे ६ मीटर उंचीत सुमारे दीड मीटर मागे गेलेली धरतो. सगळा उतार ४५ अंशांवर आणायचा तर वरची कड आणखी साडेचार मीटर मागे जाईल आणि घर कडेपासून अडीच मीटरवर येईल. हे परवडणारं नाही. म्हणून उंचीचे दोन भाग करायचे. खालचे ३ मीटर गॅबियनने धरायचे आणि वरचे ३ मीटर ४५ अंशांवर उतरते कापायचे. असं केलं तर वरची कड फक्त २ मीटरच मागे येते आणि घरापुढे ५ मीटर जागा राहते. शिवाय तुमची भेग कडेपासून पावणेदोन मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सुटलेला तुकडा या कापणीत आपोआप निघून जातो. माती निघेल ५० ते ६० घनमीटर, मोकळी झाल्यावर दहा-बारा डंपर. ती वरच्या अंगणात पसरू नका. कडेवर वजन टाकायचं नाही.

कंपाउंड मात्र जाणार. वाईट वाटेल, पण दीड मीटर उंच, एक फूट जाडीचं चिऱ्याचं कंपाउंड दर मीटरला जवळजवळ एक टन भरतं. १८ टनांचं ओझं तुम्ही सुटलेल्या तुकड्याजवळ ठेवलंय. नवीन कडेपासून मागे लोखंडी खांब आणि जाळीचं हलकं कुंपण घाला. चिरे दुसरीकडे वापरता येतील.

काम दसऱ्यानंतर, जमीन वाळली की सुरू करायचं. आणि क्रम वरून खाली. कंपाउंड उतरवणं, मग वरची कापणी, मग पायथा. ठेकेदाराला उलटं सोपं पडतं, कारण जेसीबी रस्त्यावर उभा असतो. खालून कुरतडून वरचं आपोआप पडू द्यायचं, ही पद्धत माणसं मारते. ठेकेदार तसं करायला लागला तर काम थांबवा.

पायथा खणताना सगळे १८ मीटर एकदम उघडायचे नाहीत. ३-३ मीटरचे सहा गाळे पाडा. एक सोडून एक असे तीन गाळे खणा, पेट्या रचा, मागचं भरा, आणि मग मधले तीन. खणलेल्या गाळ्यात रात्रभर काही उघडं ठेवायचं नाही. पाया रस्त्याच्या गटाराच्या तळाखाली जायला हवा, नाहीतर गटाराचं पाणी एक दिवस त्याच्या खालून वाट काढेल. मुरूम घट्ट लागला तर अर्धा मीटर खोल पुरे. पहारीने दणका मारून बघा, पहार सहज वीतभर घुसली तर आणखी खाली जा. त्या पांढरट चिकणमातीवर पाया ठेवू नका. ती लागलीच तर थांबून मृदा-तज्ज्ञाला बोलवा.

गॅबियनची पेटी साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच असते. तळाच्या थराची जाडी २ मीटर, मधल्याची दीड, वरच्याची १, आणि सगळी रचना दरडीकडे थोडी कललेली, दहास एक इतकी. जाळी षटकोनी, दुहेरी पीळ दिलेली, १०० बाय १२० मिलिमीटरची, तार २.७ मिलिमीटरची. तुम्ही समुद्राजवळ आहात, खारी हवा नुसतं जस्त खाऊन टाकते, म्हणून वर पीव्हीसीचं आवरण असलेलीच जाळी घ्या. स्थानिक कुंपणाची जाळी वळवून पेट्या करून देतो म्हणणारे भेटतील. एक तार तुटली की ती जाळी स्वेटरसारखी उसवते. दगड काळा डबर, १५० ते २५० मिलिमीटर, हाताने रचलेला. वरून डंपरने ओतलेला नको. दर्शनी बाजूचे दगड गडग्यासारखे बसवायचे, आणि पेटीचं पोट फुगू नये म्हणून आत तारेचे ताण बांधायचे. चिऱ्याचे तुकडे भरू नका, जांभा वजनाला हलका आणि कालांतराने भुगा होतो.

पेटीच्या मागे, मातीला लागून, न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड लावा. पाणी येतं, माती अडते. कापड आणि पेटी यांमध्ये वीतभर खडी. हीच ती जागा जिथे माझी भिंत मेली, म्हणून खडीचा पहिला ट्रक पडलेला दिसल्याशिवाय पेटीचं काम सुरू करू देऊ नका, आणि खडी भरताना स्वतः उभे राहा. मोबाइलवर रोजचे फोटो काढा.

हे आकडे तुमच्या वर्णनावर बेतलेले आहेत, माती मी पाहिलेली नाही. ३ मीटरच्या वर धरणारी रचना आणि तिच्या डोक्यावर उतार, म्हणजे एका स्थापत्य अभियंत्याकडून गणित करून घ्यायलाच हवं. डोंगरी भागातल्या धारक भिंतींसाठी भारतीय मानक आयएस १४४५८ आहे, ते त्याने उघडावं असा आग्रह धरा. कडेपासून थोडं मागे, ६-७ मीटर खोल एक-दोन बोअर घेऊन थर कुठे बदलतो ते बघितलं तर उत्तम. अख्ख्या कामाच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

कापणीनंतर दरडीच्या पोटातून उपळ वाहताना दिसली तर पेट्यांच्या वरच्या अंगाला आडव्या नळ्या घालाव्या लागतील. भोकं पाडलेली पीव्हीसीची नळी, ५० ते ७५ मिलिमीटर, कापडाने गुंडाळलेली, ६ ते १० मीटर आत, आणि आतल्या टोकाला थोडी चढती. म्हणजे पाणी बाहेर वाहतं. यासाठी ड्रिलिंगवाला लागतो. मागे जागाच नसती, घर कडेपासून तीन मीटरवर असतं, तर मी सॉइल नेलिंग सुचवलं असतं. म्हणजे दरडीत तिरकी भोकं पाडून सळ्या घालून सिमेंटने भरायच्या, वरून जाळी. उत्तम पद्धत, पण महाग, आणि तुम्हाला आत्ता गरज दिसत नाही.

वरचं पाणी अडवणारा पाट, ज्याला बांधकाम खात्यातले कॅच वॉटर ड्रेन म्हणतात, तो नवीन कडेपासून दीड-दोन मीटर मागे. हा पक्का, काँक्रीटचा किंवा दगडी तळाचा असला पाहिजे. कडेजवळ कच्चा चर खणणं हे काहीच न करण्याहून वाईट, कारण तो पाणी गोळा करून नेमका दरडीच्या पाठीत जिरवतो. पाचशे चौरस मीटर अंगणावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तरी सेकंदाला १४ लिटर पाणी होतं, हिशोबाने लहानसा पाट पुरतो. तरी ३० बाय ३० सेंटिमीटरचाच करा. फणसाची पानं पाटाचा हिशोब वाचत नाहीत. शंभरास एक इतका तरी उतार द्या, आणि शेवटी पाणी दरडीवरून न सोडता पायऱ्यांच्या पक्क्या पन्हळीने किंवा जाड नळीने रस्त्याच्या गटारापर्यंत न्या. छपराला पन्हळी लावून तेही याच पाटात. गॅबियनच्या डोक्यावरही एक छोटा पाट हवा.

मग हिरवं. बांबूबद्दल नर्सरीवाल्याचा हेतू चांगला आहे, पण बांबूची मुळं उथळ पसरतात, बेट जड होतं आणि वाऱ्यात हलतं. पायथ्याच्या सपाटीवर, ओढ्याकाठी तो छान. ४५ अंशांच्या उतारावर नको. आंबा, फणस, नारळ कडेवर नकोतच. असलेली झाडं मात्र मुळासकट उपटू नका. फांद्या उतरवा, वजन कमी करा. झाड तोडलं तरी मुळं काही वर्षं धरून असतात, मग कुजतात, आणि लोक म्हणतात इतकी वर्षं काही झालं नव्हतं, आत्ताच कशी पडली.

माझी पसंती वाळ्याला. खस म्हणून आपण माठात टाकतो तोच. त्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या मातीत दोन-तीन मीटर, घट्ट मुरमात त्याहून कमी. मलेशियात मोजली तेव्हा या मुळांची ताणशक्ती मृदु पोलादाच्या सुमारे एक-षष्ठांश भरली. गवताच्या मानाने हे विलक्षण आहे. लावायचा तो आडव्या ओळींत, समपातळीत, ओळींमध्ये एक मीटर, ओळीत ठोंबांमध्ये १० ते १५ सेंटिमीटर. विरळ लावला तर मधून पाणी वाट करतं आणि सगळं वाया जातं. तुमच्या वरच्या उतारावर १८ मीटरच्या चार ओळी, म्हणजे एकूण ७२ मीटर, त्यांना पाच ते सातशे ठोंब लागतील. लागवड जूनमध्ये, पहिले दोन-तीन पाऊस होऊन जमीन ओली झाली की. वाळ्याला ऊन लागतं, दाट सावलीत तो खुरटतो. ओळींमध्ये स्थानिक गवत आपोआप येतं, करवंद किंवा निर्गुडी लावली तरी चालेल.

पण पहिल्या पावसात वाळा बाळ असतो. त्या वर्षासाठी काथ्याची विणलेली जाळी हवी, चौरस मीटरला ७०० ग्रॅमची. वरचं टोक कडेच्या मागे फूटभर खोल चरात पुरायचं, मग खाली उलगडायची आणि बांबूच्या खुंट्यांनी मातीला चिकटवायची. चिकटवायची हा शब्द महत्त्वाचा आहे. जाळीखाली पोकळी राहिली तर पाणी तिच्याखालून माती नेतं आणि जाळी वर छान दिसत राहते. दोन-तीन वर्षांत काथ्या कुजून जातो, तोवर मुळांनी काम हाती घेतलेलं असतं. गवत फक्त वरचा मीटर-दीड मीटर धरतं. खोलवर सुटलेला तुकडा वाळा अडवत नाही, म्हणून कापणी आणि पेट्या आधी.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. पायथा बहुधा रस्त्याच्या हद्दीत आहे, तिथे तुम्ही परवानगीशिवाय पेटी ठेवू शकत नाही. रस्ता ग्रामपंचायतीचा की बांधकाम खात्याचा ते काढा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, आणि वसाहतीच्या नावाने अर्ज द्या. एकट्याचा अर्ज फाइलमध्ये राहतो. कापणी त्यांच्या रुंदीकरणामुळे झाली हे लिहा, जुने फोटो जोडा. पायथ्याचा खर्च त्यांच्याकडून मिळण्याची शक्यता आहे. वरची कापणी आणि पाट तुमच्या जागेत, ते त्यांच्यासाठी थांबवू नका.

आणि एक विनंती त्याच अर्जात घाला. दर मे महिन्यात गटार साफ करायला जेसीबी येतो आणि बकेटचे दात पायथ्याला घासत जातो. हातभर माती दरवर्षी जाते, चार वर्षांत तुमच्या दरडीची टाच कापली गेली. तुमच्या १८ मीटरमध्ये गटाराला काँक्रीटचा तळ आणि बाजू करून मागा, आणि तोपर्यंत सफाई फावड्याने.

यातलं काहीच जमलं नाही, पैसे नाहीत, परवानगी अडकली, तरी या दिवाळीपर्यंत तीन गोष्टी करता येतात: छपराचं पाणी पन्हळीतून नळीने गटारात, शोषखड्डा घराच्या वरच्या बाजूला, आणि कंपाउंड उतरवणं. निम्मा धोका तिथेच कमी होतो, आणि खर्च भिंतीच्या एका कोपऱ्याइतकाही नाही.

काम झाल्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांत आठवड्याला एकदा पाट झाडा आणि मोठ्या पावसानंतर पेट्यांच्या तोंडाकडे बघा. दगडांच्या फटींतून पाणी पाझरत असेल तर सगळं ठीक चाललंय. वर पाऊस कोसळतोय आणि पेट्या कोरड्या ठक्क आहेत, तर मला फोटो पाठवा, खडीचं काय झालं ते आधी विचारेन.